वायरिंगचं काम बिघडलं, ठेकेदार फोन उचलत नाही: दुरुस्ती आधी की तक्रार आधी?

प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला जुन्या धाब्याच्या घराला लागून दोन खोल्या आणि त्यावर एक मजला बांधला. वायरिंगचा ठेका मजुरी-मटेरियलसह १,८५,००० रुपयांना दिला. १,६०,००० रुपये पोचते केले, त्यातले ९०,००० यूपीआयने आणि बाकी रोख. पक्कं बिल नाही. सात महिन्यांत गिझरचा बोर्ड जळाला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कूलर काढला तर त्याच्या पत्र्याला हात लावला की झटका बसतो. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) सारखी पडते म्हणून तक्रार केली, तर त्याच वायरमनने ती 'डायरेक्ट' करून दिली, म्हणजे वीज तिला वगळून जोडली. आता तो म्हणतो, दोष महावितरणच्या व्होल्टेजचा आहे, आणि फोन उचलत नाही. बिल नसताना ग्राहक आयोगात जाता येईल का? मध्यंतरी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अशी प्रकरणं बहुतेक तिथेच हातची जातात. दुरुस्त करून घ्या, पण दोषाची नोंद झाल्याशिवाय नाही. नवा वायरमन येतो, जळका बोर्ड काढून भंगारात टाकतो, डीबी (सगळे खटके असलेली पेटी) नव्याने बांधतो. घर नीट चालू लागतं आणि तुमच्या हातात फक्त त्याची पावती उरते. पहिल्याने काय चुकवलं होतं हे त्या पावतीवरून कोणालाच कळत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण आयोगाला दोष दाखवावा लागतो.

तरीही घरात लहान मुलं असताना पुराव्यासाठी झटका देणारा कूलर चालू ठेवायचा नाही. कूलरचा प्लग काढा. गिझरच्या लाइनची एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) खाली पाडा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून 'चालू करू नये' असं लिहा. त्यानंतर आरसीसीबी खरोखर डायरेक्ट केली आहे का, हे डीबी न उघडता बघता येतं. तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. खटका पडला आणि घरातले दिवे तसेच चालू राहिले, तर वीज तिला वळसा घालून जाते आहे. याचा एका दमात, न कापता व्हिडिओ घ्या: आधी डीबी, मग बटण, मग पडलेला खटका आणि लगेच चालू दिवा. आयोगापुढे याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. खटका पडलाच नाही, तर आरसीसीबी बिघडलेली आहे किंवा तिला वीजच जोडलेली नाही. तिच्या जागी साधा आयसोलेटरही (नुसता बंद-चालू करायचा खटका) बसवलेला असू शकतो. तो दिसायला बराच तसाच असतो, पण त्यावर 'टी' बटण नसतं आणि '३० एमए' (मिलिअँपिअर) असं छापलेलं नसतं.

नोंद खात्रीची कशी होते? डीबीचं झाकण उघडणं, मेगर (तारेचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावणं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून किंवा पर्यवेक्षकाकडूनच करून घ्या, आणि तो पहिल्या ठेकेदाराच्या ओळखीतला नसावा. त्याला 'चेक करून द्या' एवढंच सांगितलं तर 'वायरिंग खराब आहे' अशा एका ओळीची चिठ्ठी मिळते. ती काही उपयोगाची नाही. अहवालात आकडे हवेत. प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध ५०० व्होल्ट डीसीवर मोजलेला असावा, आणि तो किमान १ मेगओहम भरायला हवा. आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडते हे लिहिलेलं असावं. ३० एमएची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडायला हवी, आणि ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत. प्रत्येक प्लगला फेज, न्यूट्रल, अर्थ बरोबर जागी आहेत का, अर्थ तार डीबीपर्यंत सलग आहे का आणि अर्थिंगचा रोध किती, हेही यायला हवं. खाली त्याचा परवाना क्रमांक, सही, तारीख, मीटरची कंपनी आणि मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख. या तपासणीचे पैसे पावतीने द्या, ते नुकसानभरपाईत मागता येतात.

अर्थिंगच्या मोजणीत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. तापीकाठची काळी जमीन वैशाखात फाटते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. श्रावणात ४-५ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये त्याच्या कितीतरी पट दाखवू शकतो. म्हणून मोजणी शक्यतो पाऊस लागायच्या आत करा आणि तारीख ठळक लिहून घ्या. पावसाळ्यात मोजलं तर ठेकेदाराचा वकील तोच आकडा पुढे करील.

कूलरच्या झटक्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण 'अर्थिंग तर केलंय' हे उत्तर तुम्हाला नक्की मिळणार. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. कूलरच्या पंपातून फेज पत्र्यावर आली, तर २३० ला १० ने भागून अर्थमधून २३ अँपिअर जातील. त्या लाइनवर १६ अँपिअरची एमसीबी आहे. अशी एमसीबी आपल्या क्षमतेच्या १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअरला तासाभराच्या आत पडली तरी ती मानकात बसते. म्हणजे तितका वेळ कूलरचा पत्रा जिवंत राहू शकतो. इथे माणसाला वाचवते ती आरसीसीबीच, आणि नेमकी तीच त्याने बाद केली. अहवालात हे गणित असंच लिहून घ्या. आयोगाच्या सदस्यांना विजेचं शिक्षण नसतं, पण भागाकार सगळ्यांना येतो.

आरसीसीबी सारखी पडत होती त्याचं कारण बहुधा जुन्या आणि नव्या वायरिंगची सरमिसळ हे असणार. नव्या खोलीतल्या लाइनला फेज नव्या डीबीतून आणि न्यूट्रल जुन्या घरातून घेतलेली असते, किंवा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळलेली असते. दोन्ही प्रकारांत जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही आणि आरसीसीबी पडते. ती आपलं कामच करत असते. दोष शोधायचा तर डीबीत न्यूट्रल एकेक सोडून बघाव्या लागतात, त्यात अर्धा दिवस मोडतो. डायरेक्ट करायला पाच मिनिटं लागतात. 'जुनं वायरिंग तुमचं होतं, दोष त्यात आहे' असा बचाव येईल, म्हणून तपासणीत जुना भाग आणि नवा भाग वेगळे सोडवून मोजायला सांगा. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला नवी लाइन जोडायची नसते, आणि जोडायचीच तर धोका मालकाला आधी सांगायचा असतो. हे ठरवणं ज्याला पैसे मोजले त्याचं काम.

जळका बोर्ड फेकू नका. भिंतीवर असतानाच फोटो घ्या, मग पट्टी शेजारी धरून जवळून, मग काढल्यावर मागच्या बाजूने. टोक जळालंय की अख्खी तार, हे बघा. स्क्रूजवळचा बोटभर भागच काळा पडून ठिसूळ झाला असेल, तर जोड ढिला होता: स्क्रू पूर्ण आवळला नाही, तारेच्या बारीक काड्या तोडून कशीबशी बसवली, किंवा स्क्रूखाली तांब्याऐवजी प्लास्टिकच दाबलं गेलं. याउलट पाइपमध्ये आतपर्यंत प्लास्टिक कडक होऊन तडकलं असेल, तर तार भाराच्या मानाने बारीक होती. २ किलोवॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. अशा लाइनला २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि १६ अँपिअरचा प्लग असा किमान हिशेब असतो. १.५ च्या तारेवर गिझर, त्याच लाइनवर पुढे कूलर आणि डीबीत ३२ ची एमसीबी असा संसार असला, तर एमसीबी पडायच्या आधी तार भाजते. त्यात भुसावळ-जळगावकडचा ४५ अंशांचा उन्हाळा, आणि पाइप स्लॅबमध्ये. बाहेर इतकं तापलं की तीच तार कमी भार पेलते.

तारेवर दर थोड्या अंतरावर कंपनीचं नाव, आकार, आयएस ६९४ (तारेचं भारतीय मानक) आणि सीएम/एल (मानक चिन्हाच्या परवान्याचा) क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाचा फोटो घ्या आणि भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. बनावट किंवा बंद पडलेला निघाला, तर सदोष मटेरियलचा मुद्दा वेगळा उभा राहतो. जळके तुकडे, बोर्ड, काढलेली एमसीबी हे सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत तारीख आणि जागा लिहून ठेवा. मटेरियल मालकाने आणलेलं असतं तर वायरमनने दुकानासाठी लिहून दिलेली यादी शोधायला सांगितली असती. गिझरसाठी कुठली तार लिहिली हे त्याच्याच अक्षरात मिळतं, म्हणून ज्यांचं मटेरियल घरचं आहे त्यांनी ती यादी फाडू नये.

आता बिलाचं. बिल नसल्याने तुमचं काही अडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मोबदला दिलेला, देण्याचं कबूल केलेला, किंवा थोडा दिलेला आणि थोडा देणं असलेला, तिन्ही प्रकारांत तुम्ही ग्राहक आहात. उलट सेवा देऊन बिल न देणं ही कलम २(४७) खाली त्याचीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ९०,००० चं बँकेचं विवरण काढून आणा. रोख ७०,००० साठी त्या-त्या दिवशीची बँकेतून काढलेली रक्कम, वहीतली त्याची सही, 'मिळाले भाऊ' असा व्हॉट्सॲपचा निरोप, जे असेल ते गोळा करा. व्हॉट्सॲपचे संवाद आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची? मूळ संवाद फोनमधून पुसू नका.

ठेका होता हे मात्र नीट मांडा. तुमच्या हुकमाखाली रोजाने कामावर ठेवलेल्या माणसाची 'वैयक्तिक सेवा' कायद्याच्या सेवेच्या व्याख्येत येत नाही, आणि 'मी तर रोजाने होतो' असं म्हणायला समोरचा कमी करणार नाही. एकरकमी भाव, पॉइंटप्रमाणे दर, मटेरियल त्याने आणणं, त्याची स्वतःची पोरं कामाला असणं, यांतलं जे असेल ते तक्रारीत लिहा. एका खोलीत पिठाची गिरणी किंवा दुकान असेल तर 'व्यापारी हेतू'चा आक्षेप येतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असला तर तो आक्षेप टिकत नाही.

परवान्याचंही बघा. नव्या वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, परवानाधारक माणसांकडून करायचं असतं, तसे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(११) मधली 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या कायद्याने राखायच्या दर्जातली उणीवही धरते. त्यामुळे परवाना नसताना केलेलं काम आणि बाद केलेली आरसीसीबी या दोन गोष्टी तुमच्या तक्रारीचा कणा आहेत. जळगावच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात धोक्याचा लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. निरीक्षकाने पाहणी करून काही लिहून दिलं, तर ते खाजगी अहवालापेक्षा वजनदार ठरतं. पण त्याची वाट बघत दोन-तीन महिने बसू नका.

व्होल्टेजचा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. पुरवठ्यात न्यूट्रल तुटली किंवा व्होल्टेज चढलं, तर एकाच वेळी टीव्ही, फ्रिज, दिवे जातात आणि शेजाऱ्यांचंही नुकसान होतं. एका घरातला एकच बोर्ड एकाच स्क्रूपाशी जळतो, तेव्हा व्होल्टेजला दोष देऊन भागत नाही. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा, म्हणजे 'तुम्ही महावितरणला कळवलंच नाही' असं कोणी म्हणणार नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं, आणि ते ज्याने केलं तो त्याला जबाबदार.

अहवाल हातात आला की नोटीस. स्टँप पेपर लागत नाही, वकीलही लागत नाही. साध्या कागदावर एवढा मजकूर पुरे:

'आपण माझ्या अमळनेर येथील घराचे वायरिंग मजुरी व मटेरियलसह रु. १,८५,००० मध्ये करण्याचे ठरवून दि. … ते … या काळात केले. त्यापोटी मी रु. १,६०,००० दिले आहेत. दि. … रोजी गिझरचा बोर्ड जळाला. आरसीसीबी आपण दि. … रोजी बाद केल्याने कूलरचा विजेचा धक्का बसत आहे. परवानाधारक तज्ज्ञाचा दि. … चा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत अहवालातील सर्व दोष परवानाधारक व्यक्तीकडून दूर करून लेखी चाचणी अहवाल व पक्के बिल द्यावे. तसे न केल्यास मी काम अन्य ठेकेदाराकडून करून घेईन व त्याचा खर्च, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च आपल्याकडून वसूल करण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. उर्वरित रु. २५,००० काम योग्य रीतीने पूर्ण झाल्यावर देण्यास मी तयार आहे.'

शेवटचं वाक्य वगळू नका. 'याने माझे २५,००० बुडवले म्हणून मी आलो नाही' हा त्याचा पहिला जबाब असतो. नोटीस पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा, तीच व्हॉट्सॲपवरही टाका. त्याचा पुरा पत्ता नसला तर पाकीट परत येतं आणि पुढे आयोगाची नोटीसही परत येते. पत्ता परवान्यावर, जीएसटी क्रमांकावर, त्याने मटेरियल उचललेल्या दुकानात मिळतो. १५ दिवसांची मुदत कायद्याने ठरवलेली नाही, पण दुरुस्तीची संधी दिली होती हे दाखवायला ती पुरते. तो आला आणि परवानाधारक माणसाकडून नीट करून द्यायला तयार झाला, तर करू द्या, पण शेवटी त्याच चाचण्या पुन्हा करून घ्या. आला नाही, तर सोळाव्या दिवसापासून दुसऱ्याकडून काम करून घ्यायला मोकळे आहात. दुसऱ्याचं बिल बाबवार असू द्या: तार किती मीटर, कुठल्या आकाराची, झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) पुन्हा मारण्याचे किती, प्लास्टर-रंगाचे किती.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करायची. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो. ठेकेदार सुरतेचा असला तरी तुम्हाला तिकडे खेटे घालायला नकोत (नंदुरबार-नवापूरकडच्या लोकांना याचा फार उपयोग). जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर ५० लाखांपर्यंत आहे आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य, म्हणजे तुम्हाला फी नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. सोबत प्रतिज्ञापत्र, तारखांचा तक्ता, पैशाचे पुरावे, अहवाल, नोटीस, पोच, फोटो. स्वतः उभं राहून चालवता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, पण ती मोठ्या कंपन्यांना हलवते. गावातल्या ठेकेदारावर तिचा फारसा परिणाम होत नाही.

मुदत दोष घडल्यापासून २ वर्षं. 'करतो, करतो, पोळ्यानंतर येतो' या फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढत नाही आणि नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही.

मागणी किती लावायची? दुसऱ्याकडून झालेला दुरुस्तीचा खर्च, तपासणीचे पैसे, बिघडलेल्या वस्तूंच्या दुरुस्तीची बिलं, त्यावर व्याज, मग मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. राहिलेले २५,००० यातून स्वतःच वजा करून दाखवा. पावणेदोन-दोन लाखांच्या कामावर वीस लाखांची मागणी लावणाऱ्याचे खरे मुद्देही आयोग संशयाने वाचतो. सगळे पैसे परत मागण्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च मागणं सोपं जातं, कारण भिंतीतले पाइप आणि बरेच पॉइंट तुम्ही वापरताच आहात.

समोरच्याला जबाब द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तो आलाच नाही तर एकतर्फी चालतं. कायद्यात निकालाला ३ महिने, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात तारखा पडतात, जास्त वेळ धरून चाला. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जरूर बसा, पण तडजोड आयोगापुढे लेखी नोंदवूनच. चहाच्या टपरीवर ठरलेले हप्ते पहिल्या हप्त्यानंतर थांबतात.

फ्लॅट बिल्डरकडून घेतलेला असेल तर रस्ता वेगळा. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीचा किंवा सेवांचा दोष दिसला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तिथे वायरमनच्या मागे धावायचं कारण नाही.

आग लागली असेल किंवा कोणाला गंभीर इजा झाली असेल तर क्रम बदलतो. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाला तातडीची खबर आणि घराचा विमा असल्यास विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी सूचना. निरीक्षक येऊन जाईपर्यंत मेन बंद ठेवून जागा तशीच राहू द्या.

ग्राहक आयोगाचा निकाल तुमच्या बाजूने लागला की ठेकेदाराला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्याआधी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगात करा. ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही आहे. बहुतेक ठेकेदार वॉरंट निघाल्यावर पैसे घेऊन येतात. ते धनादेशाने नाही, आयोगात जमा करूनच घ्या.